धुराचं गाव

मुलांनो, घरात जगाचा नकाशा असेल तर जरा भिंतीवरून उतरवा आणि जमिनीवर पसरा. अमेरिकेची संयुक्त संस्थानं सापडली? आता त्या देशाच्या बरोबर मधोमध बोट टेकवा. तुमच्या बोटाखाली एक आडवा, जवळजवळ फूटपट्टीनं आखल्यासारखा चौकोन आला असेल. हे कॅन्सस राज्य. मैलच्या मैल सपाट जमीन, गहू, वारा आणि सूर्यफुलं. सूर्यफूल हे तर या राज्याचं मानाचं फूल.

या चौकोनाच्या वरच्या डाव्या अंगाला, सॉलोमन नाव असलेल्या एका लहानशा नदीच्या काठी निकोडेमस नावाचं गाव आहे. ते नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. २०२० साली अमेरिकेत शिरगणती झाली, तेव्हा या गावात १४ माणसं राहत होती. चौदा! तुमच्या वर्गातल्या दोन-तीन बाकांवर बसतील एवढीच.

आणखी एक गंमत. या गावाला स्वतःची नगरपालिका नाही. तिकडे एखाद्या वस्तीनं राज्याच्या कायद्याप्रमाणे रीतसर नोंद करून घेतली, की तिची हद्द ठरते, तिला महापौर मिळतो, स्वतःचे कर बसवता येतात. अशी नोंद नसलेल्या हजारो लहान वस्त्या त्या देशात आहेत. त्यांचे रस्ते, पोलीस, कागदपत्रं असं सगळं कौंटी बघते. कौंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखी किंवा जिल्ह्यासारखी व्यवस्था. आपल्याकडे नाही का, एखादी वाडी किंवा पाडा दुसऱ्या मोठ्या गावाच्या ग्रामपंचायतीत असतो, आणि दाखला हवा असला की तिथपर्यंत चालत जावं लागतं? तसंच काहीसं.

हे सगळं मी चौथीच्या वर्गात सांगत होते, तर एकानं हात वर केला. “बाई, चौदा माणसं, पंचायत नाही, दुकान नाही. मग त्याला गाव कशाला म्हणायचं?”

प्रश्न बिनतोड होता. तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटले! पण त्या मुलाला उत्तर द्यायचं राहून गेलं, ते मनात टोचत राहिलं. म्हणून आज निकोडेमसची गोष्ट पहिल्यापासून सांगते.

गोष्ट सुरू होते दीडशे वर्षांपूर्वी, कॅन्ससपासून तेराशे किलोमीटर पूर्वेला, केंटकी नावाच्या राज्यात. तिथे तंबाखूची आणि तागासारखा धागा देणाऱ्या हेंपची मोठमोठी शेतं होती, आणि त्या शेतांवर राबायला गुलाम होते. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांची ही लेकरं-नातवंडं. यांना विकता येत असे, विकत घेता येत असे. आई एका गावच्या मालकाकडे आणि मुलगा दुसऱ्या गावच्या मालकाकडे, असंही होई. अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता.

१८६१ साली गुलामीच्या प्रश्नावरून उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत युद्ध पेटलं. १८६३ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला, हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. पण पुस्तकात सहसा नसलेली एक गोष्ट सांगू? तो जाहीरनामा बंड केलेल्या राज्यांपुरताच होता. केंटकी बंडात सामील झालं नव्हतं, म्हणून केंटकीतले गुलाम त्या दिवशी गुलामच राहिले! १८६५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली, तेव्हा कुठे ते सुटले.

सुटले खरे, पण सुटून जायचं कुठे? जमीन मालकाची, बैल मालकाचे, बी-बियाणं मालकाचं. पुष्कळ जण त्याच शेतावर वाट्यानं राबू लागले. वर्षाअखेरीला हिशेब व्हायचा आणि त्यात कर्जच निघायचं. वर रात्री-अपरात्री तोंड झाकून येणाऱ्या टोळ्या होत्या. काळ्या माणसानं मत द्यायला जाऊ नये, मुलाला शाळेत घालू नये, म्हणून त्या घरं जाळायच्या, माणसं मारायच्या.

याच सुमाराला, १८७३ साली, आपल्या पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं. ते त्यांनी कुणाला अर्पण केलं ठाऊक आहे? गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. तेव्हा ना टेलिफोन होता ना रेडिओ. तरी केंटकीतल्या शेतांवरच्या माणसांचं दुःख पुण्यात बसून एका माणसानं ओळखलं होतं. आणि ती माणसं त्या वेळी खरंच एका वाटेच्या शोधात होती.

ती वाट एका पत्रकातून आली. १८७७ च्या एप्रिलमध्ये डब्ल्यू. आर. हिल नावाचा एक गोरा जमीन-दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ नावाचे एक काळे धर्मोपदेशक यांनी मिळून एक कंपनी काढली आणि केंटकीत पत्रकं वाटली. कॅन्ससला या, आपलं स्वतःचं गाव वसवा! सुपीक जमीन आहे, पाणी आहे, शिकार आहे. गावात घरासाठी तुकडा हवा तर पाच डॉलर भरा. आणि शेतीची जमीन? ती सरकार देत होतं. १८६२ साली तिकडे एक कायदा झाला होता. त्याप्रमाणे १६० एकर जमिनीवर नाव लावायचं, पाच वर्षं तिथे राहायचं, ती कसायची, किरकोळ फी भरायची, जमीन आपली.

स्वतःची जमीन! शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना हे समजावून सांगायला नको. ज्यांचं स्वतःचं शरीरसुद्धा काल-परवापर्यंत स्वतःचं नव्हतं, त्यांना १६० एकर म्हणजे काय वाटलं असेल!

गावाला निकोडेमस हे नाव का दिलं, याबद्दल तिकडे दोन मतं आहेत. बायबलमध्ये या नावाचा एक माणूस आहे. त्याच नावाच्या एका गुलामाचं गाणंही त्या काळी लोकांच्या तोंडी होतं. कुणी हे खरं मानतो, कुणी ते.

सगळ्यांत आधी, १८७७ च्या जूनमध्ये, सायमन राउंडट्री नावाचे धर्मोपदेशक येऊन पोचले. त्यांच्याबद्दल असं सांगतात, की गुलाम असताना ते चोरून वाचायला शिकले, आणि त्याची शिक्षा म्हणून त्यांच्या गालावर तापल्या लोखंडाचा डाग दिला गेला. पुढच्याच महिन्यात झॅकरी फ्लेचर आणि त्यांची बायको जेनी आली. सप्टेंबरात मात्र एकदम तीनशेच्यावर माणसांचा जथा निघाला. बायका, म्हातारी, तान्ही मुलं, पेट्या, गाठोडी. आगगाडीनं ते एलिस नावाच्या स्टेशनापर्यंत आले. पुढे रूळ नव्हते आणि रस्ताही नव्हता. उरलेले पन्नास-पंचावन्न किलोमीटर चालायचे होते.

त्यानंतरच्या वसंतात, म्हणजे १८७८ साली, आणखी एक जथा आला. त्यात विलियाना हिकमन नावाची एक तरुण बाई होती. तिचा नवरा डॅनियल हा धर्मोपदेशक. एलिसला पोचल्यावर त्यांच्या मुलांमध्ये गोवराची साथ पसरली. उघड्यावर, तंबूत मुक्काम. औषध कुठून आणणार? काही मुलं तिथेच दगावली. मागे जायला पैसे नव्हते आणि पुढे काय आहे हे कुणी पाहिलं नव्हतं. मुलांना तिथल्या मातीत ठेवून जथा पुढे निघाला. वाट अशी नव्हतीच. हरणांच्या पायवाटा आणि रानगव्यांनी लोळून केलेले खड्डे पाहत पाहत दोन दिवस चालले. रात्री शेकोट्या पेटवून बसायचे.

आणि मग पुढच्या पुरुषांनी आरोळी ठोकली, आलं, निकोडेमस आलं!

विलियानानं मान उंच करून पाहिलं. तिला काही दिसेना. घर नाही, झाड नाही, चर्चचा मनोरा नाही. नुसतं गवत. तिनं विचारलं, कुठंय गाव? नवऱ्यानं बोट दाखवलं. जमिनीतून इथून-तिथून धुराच्या रेघा निघत होत्या. तोच गाव. माणसं जमिनीत बिळं करून राहत होती. विलियाना तिथेच उभी राहून रडू लागली.

ही हकिकत तिनं म्हातारपणी सांगितली आणि ती १९३७ साली कॅन्ससच्या एका वर्तमानपत्रात छापून आली. म्हणून तर आपल्याला ती कळते. नाहीतर गरिबांच्या डोळ्यांतलं पाणी इतिहासाच्या पुस्तकात येतं कुठे?

ती बिळं कशी होती? त्या भागात घर बांधण्याजोगं लाकूड जवळजवळ नाहीच. तेव्हा टेकाडाच्या कुशीत खोल खणायचं, समोरची बाजू दगड-मातीनं बंद करून तिला दार ठेवायचं आणि वर फांद्या, गवत, मातीची ढेकळं टाकून छप्पर करायचं. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. पण पावसात छप्पर गळायचं, आणि भिंतीतून कधी साप, कधी उंदीर बाहेर यायचे. चूल पेटवायला काय? तर सूर्यफुलांची वाळलेली ताटं आणि माळावर पडलेल्या रानगव्यांच्या शेणी! आपल्या आजीला ही रानशेणी दाखवली असती तर तिला ती अगदी घरची वाटली असती.

काही कुटुंबं आल्या पावली परत गेली. पुष्कळ जण तर खोटी आशा दाखवली म्हणून हिलच्या अंगावर धावून गेले. मला विचाराल तर त्यांचा राग रास्त होता.  आणि ते पोचले सप्टेंबरात, म्हणजे पेरणीची वेळ टळून गेल्यावर. तिकडच्या हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो. शिधा संपत आला. त्याच शरदात, ३० ऑक्टोबर १८७७ रोजी, एमा विल्यम्स नावाच्या बाईला मुलगा झाला. हेन्री. निकोडेमसमध्ये जन्मलेलं पहिलं मूल. त्याच्या आईला कुणी गुलाम म्हणून विकू शकत होतं. हेन्रीला आता जगात कुणीही विकू शकणार नव्हतं.

मग हा हिवाळा निघाला कसा? गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगत आले आहेत. शिकारीहून परतणारे ओसेज जमातीचे मूळनिवासी त्या वाटेनं आले. त्यांनी या उपाशी माणसांना पाहिलं आणि आपल्या जवळच्या मांसातलं काही देऊन टाकलं. आता इथे एक क्षण थांबा. कोण होते हे ओसेज? कॅन्ससमध्ये त्यांची मोठी वसाहत होती. १८७० नंतर सरकारनं त्यांना तिथून हलवून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात पाठवलं होतं. सरकार जी जमीन फुकट वाटत होतं, ती रिकामी पडलेली मुळीच नव्हती. ओसेज, पॉनी, शायेन अशा लोकांच्या शिकारीच्या वाटा त्या माळावरून जात होत्या. घर गेलेल्या माणसांनी घर शोधायला आलेल्यांना घास दिला, असं या गोष्टीत आहे.

वसंत आला. आता जमीन फोडायची. नांगर थोडे, घोडे अगदी मोजके. त्या माळावरच्या गवताची मुळं इतकी दाट असतात की कुदळ मारली तर उडून परत येते. तरी माणसांनी फावड्यांनी आणि कुदळींनी जमीन उकरली. पुरुष आगगाडीच्या रुळांवर मजुरीला गेले, बायकांनी शेतं सांभाळली. पहिली पिकं वाऱ्यानं, दुष्काळानं गेली. पुन्हा पेरली.

आणि शाळा! तिची गोष्ट मला जरा जास्त सांगू द्या, आमचा तो धंदाच आहे. जेनी फ्लेचर ही या गावची पहिली शिक्षिका. तिचा नवरा गावचा पहिला पोस्टमास्तर. ज्या लोकांना अक्षर ओळखल्याबद्दल चटके बसले होते, त्यांनी पक्की घरं होण्याआधी शाळा सुरू केली. पुढे साऱ्या ग्रॅहम कौंटीत शाळांची रीतसर नोंद झाली तेव्हा निकोडेमसच्या शाळेला नंबर मिळाला पहिला. ‘डिस्ट्रिक्ट नंबर वन’. आजूबाजूच्या गोऱ्यांच्या वस्त्यांच्या शाळांचे नंबर त्याच्यामागून!

दहा वर्षांत गाव उभं राहिलं. बिळांच्या जागी चुनखडीच्या दगडांची आणि मातीच्या विटांची घरं आली. दुकानं, हॉटेलं, बँक, तीन चर्चं, बेसबॉलचा संघ. दोन-दोन वर्तमानपत्रं निघत होती. एकाचं नाव ‘वेस्टर्न सायक्लोन’, म्हणजे पश्चिमेचं वादळ! गावात राहून गेलेले एडवर्ड मॅकेब नावाचे तरुण गृहस्थ १८८२ साली सबंध कॅन्सस राज्याचे हिशेब-तपासनीस म्हणून निवडून आले. सगळ्या राज्यातल्या मतदारांनी एका काळ्या माणसाला निवडून दिलं होतं, तेही गुलामी संपून सतरा वर्षं होतात न होतात तोच.

आता एकच गोष्ट हवी होती. रेल्वे.

त्या काळी त्या सपाट प्रदेशात रेल्वे म्हणजे गावाचा श्वास. धान्य बाजारात जायचं ते रेल्वेनं, लाकूड-कोळसा यायचा तो रेल्वेनं. रूळ गावातून गेले तर गावाचं शहर होणार. बाजूनं गेले तर संपलं. रेल्वे कंपन्यांना हे ठाऊक असे. कोण किती पैसे देतंय, हे त्या बघत. १८८७ साली निकोडेमसच्या लोकांनी मतदान करून १६,००० डॉलरचे रोखे काढायचं ठरवलं. मिसुरी पॅसिफिक कंपनीनं रूळ आमच्या गावात आणावेत, आम्ही एवढी रक्कम उभी करतो. दहा वर्षांपूर्वी रानशेणी जाळणाऱ्या माणसांनी!

कंपनी आली नाही.

दुसरी एक कंपनी आली, युनियन पॅसिफिक. पण तिनं १८८८ साली रूळ टाकले नदीच्या पलीकडून. सहा-सात किलोमीटरवर रेल्वेचा तळ पडला आणि तिथे बोग नावाचं नवं गाव उभं राहिलं. निकोडेमसच्या दुकानदारांनी काय करावं? त्यांनी दुकानं आवरली आणि माल घेऊन नदीपलीकडे गेले. वर्तमानपत्रं बंद पडली. रात्री गावातल्या लोकांना पलीकडच्या इंजिनाच्या शिट्ट्या ऐकू येत असतील. मी तो आवाज ऐकलेला नाही. पण धरणाच्या कालव्यानं वगळलेल्या एका गावात मी दोन वर्षं नोकरी केली आहे. शेजारच्या शिवारातलं हिरवं पीक रोज बघण्यात काय असतं, ते मला माहीत आहे.

यानंतर गाव संपायला हवं होतं. कॅन्ससमध्ये अशी कितीतरी गावं संपली. त्यांची नावंसुद्धा उरली नाहीत. निकोडेमस संपलं नाही. दुकानदार गेले, शेतकरी राहिले. त्यांची १६० एकर जमीन काही गाडीत घालून बोगला नेता येत नव्हती! १९०७ साली त्यांनी बाप्टिस्ट पंथाचं दगडी चर्च बांधलं, १९१८ साली शाळेची नवी इमारत.

१९३० नंतरची वर्षं मात्र फार वाईट गेली. मंदी आली आणि तिच्या जोडीला भयंकर दुष्काळ. अति नांगरलेली, कोरडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उठायची आणि भरदुपारी अंधार व्हायचा. दाराच्या फटींत ओली फडकी कोंबून माणसं घरात बसायची. तरुण मुलं शहरांकडे निघाली. १९३५ साली गावात ७६ माणसं होती. तरी सरकारी मदतीच्या योजनेतून त्यांनी १९३९ साली दगडी टाउनशिप हॉल बांधला. म्हणजे आपली चावडीच म्हणा ना. १९५० साली माणसं राहिली १६. १९५३ साली पोस्ट बंद झालं. १९६० साली शाळा बंद झाली.

शाळा बंद झाली, एवढं लिहून पुढे जाववत नाही. पट कमी झाला म्हणून शाळा बंद, हे शब्द आपल्याकडेही आता वाड्या-वस्त्यांवर ऐकू येतात. वाचणाऱ्या मुलांपैकी काही जणांच्या शाळेत सात-आठच मुलं असतील. ज्या गावानं बिळात राहून पहिली शाळा काढली, त्या गावाला शेवटी मूल उरलं नाही.

पण मुलं होती. दुसरीकडे होती. डेन्व्हरमध्ये, टोपेकामध्ये, कॅलिफोर्नियात. आणि ती दर वर्षी परत येत होती.

त्याचं असं झालं. इंग्रजांच्या ताब्यातल्या वेस्ट इंडीज बेटांवरच्या गुलामांच्या मुक्तीचा कायदा १ ऑगस्ट १८३४ रोजी अमलात आला. त्या दिवसाची आठवण म्हणून निकोडेमसचे लोक अगदी सुरुवातीपासून जुलैअखेर-ऑगस्टच्या सुमाराला एक जत्रा भरवत. नदीकाठच्या झाडीत गोडधोड, बेसबॉल, कुस्त्यांसारख्या मुष्टियुद्धाच्या लढती, गोल फिरणारे पाळणे. गाव ओस पडू लागलं तशी ही जत्रा बाहेरगावी गेलेल्यांची घरी यायची तारीख झाली. कोकणातल्या मुलांनो, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. गौरी-गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात आणि वर्षभर कुलूपबंद असलेल्या घरांची दारं उघडतात, त्यातलाच हा प्रकार. जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी निकोडेमसमध्ये शेकडो माणसं जमतात. मिरवणूक निघते, मोठी पंगत होते, रविवारी चर्चमध्ये प्रार्थना होते. आजोबा नातवंडांना घेऊन फिरतात आणि दाखवतात, हे बघ, इथे आपलं बीळ होतं.

या येणाऱ्यांतली सगळीच माणसं साधीसुधी असतात असंही नाही. व्हेरिल स्विट्झर या गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. १९५४ साली तो अमेरिकन फुटबॉलमधल्या ग्रीन बे पॅकर्स या नामांकित संघाकडून खेळला. पुढे विद्यापीठात मोठ्या हुद्द्यावर काम केलं. तरी गावातली शेती त्यानं सोडली नाही.

गावच्याच वंशातल्या अँजेला बेट्स या बाईंनी निकोडेमसची इतिहास मंडळी स्थापन केली. म्हाताऱ्यांच्या आठवणी, जुने फोटो, पत्रं गोळा केली. गावाला १९७६ सालीच राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला होता. पण पुढाऱ्यांकडे खेटे घालून, पत्रं लिहून मंडळींनी आणखी जोर लावला आणि १२ नोव्हेंबर १९९६ रोजी अमेरिकन सरकारनं निकोडेमस हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलं. यलोस्टोन आणि ग्रँड कॅन्यन सांभाळणारं तेच खातं आता या चिमुकल्या गावातल्या पाच इमारतींची नोंद ठेवतं. दोन चर्चं, एक जुनं हॉटेल (फ्लेचर मंडळींचं राहतं घरही हेच, आणि पोस्टही इथेच होतं), टाउनशिप हॉल आणि ती शाळा, नंबर एकची. रेल्वेनं ज्या गावाला थांबा दिला नाही, त्याच्या कडेनं आता महामार्ग जातो आणि देशोदेशीचे लोक गाडी थांबवून उतरतात.

बोगचं काय झालं म्हणाल, तर तेही लहानसंच राहिलं. रेल्वे मिळूनही शहर काही झालं नाही!

त्या हात वर करणाऱ्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी ही सगळी गोष्ट सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “बाई, मग बाकीचे तीनशे त्रेसष्ट दिवस ते चौदा जण काय करतात?” आता आली का पंचाईत! मी म्हटलं, शेती करतात, आलेल्यांना गाव दाखवतात, चर्चमध्ये जातात. “आणि वाट बघतात,” मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. तिचे वडील ऊसतोडीला जातात.

नकाशा गुंडाळून ठेवण्याआधी एक छोटंसं गणित करा. कॅन्ससच्या त्या भागातलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तासांनी मागे असतं. तेव्हा येत्या जुलैच्या शेवटच्या शनिवारी रात्री साडेआठला तुम्ही जेवायला बसाल, तेव्हा निकोडेमसमध्ये सकाळचे दहा वाजलेले असतील आणि पाहुण्यांच्या मोटारी गावात शिरायला लागल्या असतील.